पन्नास समुद्र

पन्नास समुद्रांपैकी अठरा समुद्रांत चाफेतरच्या खाडीत विष शिरत होतं. उरलेल्या बत्तीस समुद्रांत ते कुणाच्या केसालाही धक्का न लावता गुपचूप दक्षिणेला निघून जात होतं.

हे पन्नासही समुद्र हर्षदा कोयंडेच्या टेबलावरच्या पडद्यात होते. खरा समुद्र खिडकीबाहेर होता, पण त्याच्याकडे बघून काही कळण्यासारखं नव्हतं. कोजागिरी कालच झालेली, आणि चार दिवस आभाळ नुसतं भरून राहिलेलं. पाऊस धड पडेना, धड जाईना.

चाफेतर बंदरावर बर्फाचा कारखाना आहे. त्याच्या वरच्या मजल्यावर समुद्र निरीक्षण उपकेंद्राची पाटी आहे. उपकेंद्र म्हणजे काय, तर पुढच्या खोलीत दोन पडदे, एक सूक्ष्मदर्शक आणि एक फ्रिज. मागच्या खोलीत गॅस, कॉट आणि हर्षदा. सेहेचाळीस वर्षांची, याच गावात जन्मलेली, शिकायला बाहेर पडलेली, पुण्यात संसार मांडून मोडलेली. सात वर्षांपूर्वी सरकारी हुकूम घेऊन ती परत आली तेव्हा गावानं तिला डोक्यावर घेतलं होतं. आपली पोर, समुद्राचा कम्प्युटर घेऊन आली म्हणून.

आता हे पन्नास समुद्र काय प्रकरण आहे, ते आधी सांगायला हवं.

समुद्रात नुसत्या डोळ्यांना न दिसणारं शेवाळ असतं. बहुतेक जाती गरीब. मासे त्यांच्या जिवावर जगतात. पण दोनचार जाती विष तयार करतात. पावसाळा सरता सरता तळाचं कसदार पाणी वर येतं, त्यावर ऊन पडतं, आणि ही मंडळी एकाची दोन, दोनाची चार अशी वाढत आठवड्याभरात मैलोन् मैल पसरतात. प्रत्येक जातीचा रंग वेगळा असतो. माणसाच्या डोळ्याला सगळं हिरवटच दिसतं, पण २०४१ सालचे उपग्रह उजेडाच्या शेकडो छटा सुट्या करून बघतात, आणि त्या हिरव्यात नेमकं कोण मिसळलंय ते सातशे किलोमीटरवरून सांगतात. एकच अडचण आहे. त्यांना ढगांच्या पलीकडचं दिसत नाही.

ढग आले की काम मॉडेलकडे जातं. शेवाळाचा पट्टा शेवटचा जिथे दिसला, तिथे मॉडेल लाखभर खोटे कण सोडतं आणि वारा नि प्रवाह त्यांना कुठे नेतील ते मोजतं. पण उद्याचा वारा कुणाला छातीठोक सांगता येतो? म्हणून ते एक समुद्र मांडत नाही, पन्नास मांडतं. एकात वारा किंचित जास्त, एकात किंचित कमी, एकात प्रवाह जरा किनाऱ्याकडे कललेला. मग पन्नासपैकी किती समुद्रांत विष खाडीत येतं ते मोजायचं.

खाडीत आलं की ते कालवांत आणि खुब्यांत साठतं. ही शिंपलीवाली जात एका जागी बसून दिवसरात्र पाणी गाळून खाते. तिला स्वतःला त्या विषाचं काही होत नाही, ती खाणाऱ्या माणसाला होतं. आधी ओठांना मुंग्या येतात, मग जीभ जड होते, मग हातपाय, आणि शेवटी श्वास घेणारे स्नायूच काम करेनासे होतात. शिजवून हे विष जात नाही. त्याला उतारा नाही. वेळेवर कृत्रिम श्वास मिळाला तर माणूस दोनतीन दिवसांत उठून बसतो. नाही मिळाला तर नाही.

पन्नासात पंचवीसच्या वर आकडा गेला की 'जलरंग' प्रणाली स्वतःच गावभर लाल सूचना धाडते. दहाच्या खाली असला तर गप्प बसते. आणि दहा ते पंचवीसच्या मध्ये असला तर पिवळी सूचना द्यायची का आणि कोणत्या शब्दांत, हा स्थानिक अधिकाऱ्याचा विवेक. सरकारला हा शब्द फार आवडतो, कारण त्यात सरकारचं काही जात नाही.

तर आज आकडा होता अठरा, आणि विवेक होता हर्षदाचा.

दोन वर्षांपूर्वी आकडा एकतीस होता. लाल सूचना गेली, नवरात्र संपता संपता खाडी बंद झाली ती एकोणीस दिवस. आणि समुद्राची लहर बघा, वारा फिरला आणि पट्टा बाहेरच्या बाहेर निघून गेला. एकोणीस दिवस तपासलेल्या एकाही नमुन्यात विष सापडलं नाही. हंगामाचे ऐन भरातले दिवस बायांनी घरी बसून काढले. त्या बायांची म्होरकी सुगंधा, हर्षदाची सख्खी थोरली बहीण. ती एकदाच बोलली, "तुझ्या कम्प्युटराक भूक लागणा नाय गो." नंतर गावात कुणी भांडायला आलं नाही. फक्त वाटा बंद झाला.

चाफेतरात वाटा म्हणजे काय, ते बाहेरच्याला सांगितल्याशिवाय कळायचं नाही. होडी लागली किंवा बाया खाडीच्या चिखलातून वर आल्या की पहिलं काम वाटे घालण्याचं. ज्या घरात दर्यावर जाणारं कुणी उरलं नाही, तिथे पहिला. मग शेजारी, मग सोयरे. कुणाला किती हे कुठे लिहिलेलं नाही. वाट्याचं मोल करायचं नाही, वाट्याला नको म्हणायचं नाही, आणि दिलेला वाटा परत मागायचा नाही. परत मागितला तर त्या दोन घरांचं बोलणं तुटलं असं सगळा गाव समजतो.

हर्षदाच्या जिन्यावर दोन वर्षांत कुणी वाटा घेऊन चढलं नव्हतं. भेटले तर लोक हसत, बरं आहे ना विचारत, पण वाटा नाही. ती डाळभात खायची. फारच जीव कासावीस झाला की अकराची एसटी धरून तालुक्याच्या बाजारात जायची, तोंडाला ओढणी बांधून चार बांगडे विकत घ्यायची आणि पिशवीत वर्तमानपत्राखाली दडवून आणायची. गाबताच्या, पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणाऱ्या घरातल्या मुलीनं परगावात जाऊन मासळी विकत आणायची, याच्यापेक्षा मोठी नामुष्की चाफेतरात नाही. पण नामुष्कीचं सोडा. ती एकटी पडली होती, आणि ते तिला सहन होत नव्हतं. एवढी साधी गोष्ट होती.

सकाळचे साडेसहा झाले होते. पुनवेची मोठी ओहोटी होती, आणि खिडकीतून खाडीच्या चिखलात वाकलेल्या तीसेक बाया दिसत होत्या. जलरंगनं सूचनेचा मसुदा तयार करून पडद्यावर ठेवला होता: 'चाफेतर खाडीतील कालवं, खुबे, तिसऱ्या काढू नयेत, विकू नयेत, खाऊ नयेत.'

तिच्याकडे खात्री करून घ्यायचा एक मार्ग होता. फ्रिजमध्ये झटपट तपासणीच्या दोन पट्ट्या शिल्लक होत्या. त्यासाठी खाली चिखलापर्यंत जाऊन मूठभर खुबे मागायचे होते, दोन वर्षं आपल्याला वाळीत टाकलेल्या बायांकडे. त्या देणार नाहीत अशी भीती तिला नव्हती. त्या देतील, आणि देताना एक अक्षर बोलणार नाहीत, ही भीती होती. संध्याकाळच्या ओहोटीला आपणच उतरू आणि नमुना घेऊ, असं तिनं ठरवलं.

मग तिनं मसुद्यातलं 'काढू नयेत' खोडलं. बाया काढून मोकळ्या झाल्याच आहेत, असं स्वतःला सांगितलं. थोडा वेळ थांबली, आणि 'खाऊ नयेत'ही खोडलं. राहिलं फक्त 'विकू नयेत'. बदलाचं कारण काय, असं जलरंगनं विचारलं. खाली तीन पर्याय होते: भाषा, लांबी, स्थानिक परिस्थिती. तिनं 'लांबी' निवडलं.

पिवळी सूचना गेली. बाहेरगावी विषारी माल जाणार नाही, गावाचा रागही ओढवणार नाही, संध्याकाळी पट्टीवर निकाल कळेल. सगळं कसं बेतशीर. पण विकायचं नाही ते खुबे जातील कुठे, हा प्रश्न तिला पडला नाही असं म्हणणं खोटं होईल. पडला होता. तिनं तो कानाआड केला.

*

दहाच्या सुमारास जिना वाजला. हर्षदानं दार उघडलं तर समोर सुगंधा. पदर खोचलेला, पोटऱ्यांवर सुकलेला चिखल, आणि हातात केळीच्या पानानं झाकलेलं पातेलं.

"घे," सुगंधा म्हणाली. "वाटो आसा."

हर्षदा पुढे झाली. तिनं पातेलं दोन्ही हातांनी घेतलं.

"विकूक बंदी केलंस, पण खावक नाय केलंस," सुगंधा म्हणाली. "ह्या खेपेक माणसासारख्या वागलंस."

"ताई, बस मगे. चाय करतंय."

"बसूक येळ नाय. आज विकूचा नाय, म्हणजे सगळो माल वाट्याक. गावात एक घर रवाचा नाय." ती वळली, दोन पायऱ्या उतरली आणि मागे न बघता म्हणाली, "नारळ आसा काय घरात? नसलो तर धाडून देतंय."

"आसा," हर्षदा म्हणाली.

दार लोटून ती मागच्या खोलीत गेली आणि ओट्याला टेकून हमसून हमसून रडली. दोन वर्षांचं रडं होतं ते. मग तोंड धुऊन तिनं खुबे तीन पाण्यांनी धुतले, मोठ्या पातेल्यात पाणी ठेवलं, नारळ फोडला आणि विळीवर बसली. आईनं शिकवलेलं तिखलं करायचं, तिरफळं घालून. ती खोवत होती आणि मनात ताईचं बोलणं पुन्हा पुन्हा ऐकत होती, एखादं आवडीचं गाणं ऐकावं तसं. माणसासारख्या वागलंस. सगळो माल वाट्याक. गावात एक घर रवाचा नाय.

तिचा हात थांबला.

आपल्या घरी वाटा आला. दोन वर्षं ज्या घरी आला नाही, त्या घरी आला. म्हणजे आज चाफेतरात असं घर नाही जिथे हे खुबे गेले नाहीत. एरवी पाटीतले चार वाटे गावात राहतात आणि बाकीचा माल बाजारात जातो. आज बाजार बंद होता, तो तिनंच बंद केला होता.

तिनं गॅस विझवला. पाच खुबे उघडून आतलं मांस खलबत्त्यात चेचलं, औषधी पाण्यात घोळवलं, गाळलं आणि पट्टीवर चार थेंब सोडले. या पट्टीची रीत उलटी आहे. दोन रेघा उमटल्या तर माल चांगला, एकच उमटली तर विषारी. सात मिनिटं लागतात. पहिली रेघ लगेच आली. ती दुसरीची वाट बघत उभी राहिली. सात मिनिटं झाली, आठ झाली, नऊ झाली. दुसरी आली नाही.

लाल सूचना तिनं स्वतःच्या हातानं पाठवली, आणि या खेपेला एकच वाक्य लिहिलं: खुबे खाऊ नका. रुग्णवाहिकेला फोन केला. पण दोन वर्षांपूर्वीच्या त्या एकोणीस दिवसांनंतर गावातल्या अर्ध्या लोकांनी जलरंगचे संदेश बंद करून टाकले होते, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? ती तशीच पायात चपला न घालता धावत सुटली.

*

सुगंधाच्या चुलीवर पातेलं रटरटत होतं. हर्षदानं आत शिरून आधी ते उतरवलं.

"खाल्ल्यान काय कोणी?"

"नाय अजून. काय झाला काय?"

"ईख आसा ह्यात. तपासलंय मी. कोणाकोणाक वाटे घातलास, ता सांग."

सुगंधानं हातातली पळी खाली ठेवली. "वाटे कोण मोजता काय गो?"

"आठव."

"आणि काय करू? परत मागू? माझ्या तोंडान?"

"मी मागतंय. तू घरां दाखव."

सुगंधानं पदर खोचला. आयुष्यभरात न केलेली गोष्ट करायला ती उठली, आणि उठली ती धावतच. "पयलो तात्याक," ती म्हणाली. "पण तो एक वाजल्याबिगर जेवणा नाय. आधी पोरांची घरां करूया."

बाबलतात्या म्हणजे गावचा जुना तांडेल. एकेकाळी वीस माणसांची होडी हाकणारा, आता पंच्याऐंशीचा, खाडीच्या तोंडाशी शेवटच्या घरात एकटा राहणारा. आधी पोरांची घरं, हे हर्षदालाही पटलं. पटलं म्हणजे काय, दुसरं काही पटण्यासारखं नव्हतंच.

पुढचा तासभर चाफेतरात जे झालं ते गावानं कधी पाहिलेलं नव्हतं. दोघी बहिणी दारोदार जाऊन वाटा परत मागत होत्या. "वाटो परत द्या" एवढं ऐकताच माणसांचे चेहरे पडत. एका घरी म्हातारीनं पातेलं आणून सुगंधाच्या पायाशी उपडं केलं आणि दार लावून घेतलं. कारण सांगितलं तरी कानात आधी शिरत होता तो अपमान. पण वाटेत चारपाच बाया येऊन मिळाल्या, आणि मग कामाला वेग आला. दोन घरी एकेका पोरानं खाल्लं होतं, ओठांना मुंग्या येत होत्या. पहिली रुग्णवाहिका त्यांना घेऊन गेली, आणि दुसरी निघाली असल्याचा फोन आला.

बारा वाजायच्या बेतात त्या तात्याकडे पोचल्या. तात्या ओटीवर खांबाला टेकून बसला होता. समोर ताट, आणि ताटाच्या कडेला रिकाम्या शिंपल्यांचा नीट रचलेला ढीग.

"तात्यानु, येवढ्या लवकर जेवलात?" सुगंधा म्हणाली.

"भूक लागली," तात्या म्हणाला. शब्द जड येत होते. "वाट बघूक कोण आसा हंय? लागली की जेवतंय." त्यानं हसायचा प्रयत्न केला, पण ओठ एका बाजूनंच हलले. "जीब वळणा नाय गो. व्हटांक कायतरी झालाहा."

एकट्या माणसाची वेळ अशीच असते. हर्षदाला हे कळायला हवं होतं. ती स्वतः कधी अकराला जेवायची, कधी चारला.

दुसरी रुग्णवाहिका घाटातून यायला अजून अर्धा तास होता. वीस मिनिटांनी तात्याच्या छातीची हालचाल मंदावली. हर्षदानं त्याला आडवं केलं, नाक दाबलं आणि तोंडाला तोंड लावून श्वास भरला. ती थकली की सुगंधा. ही थकली की ती. बिडीचा आणि तिरफळाचा वास येत होता. त्याचे डोळे उघडे होते. या विषात माणसाची शुद्ध जात नाही, त्याला सगळं कळत असतं. तात्याला कळत होतं. तो आळीपाळीनं दोघींकडे बघत होता आणि त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, भीती होती. ती भीती हर्षदानं अगदी जवळून पाहिली.

रुग्णवाहिका आली, नळी घातली गेली, यंत्र लागलं. पण ते पंच्याऐंशी वर्षांचं काळीज होतं. घाट चढता चढता ते थांबलं.

*

दोन्ही मुलं तिसऱ्या दिवशी खडखडीत बरी होऊन घरी आली. तिसऱ्याच दिवशी मुख्य केंद्रातले डॉ. राजाध्यक्ष पडद्यावर दिसले. ते भले गृहस्थ. तात्याबद्दल हळहळले, आणि मग म्हणाले, "तुमचा निर्णय योग्य होता, हर्षदाताई. अठरावर पिवळी सूचना देणं धाडसाचं होतं. यशस्वी इशारा म्हणून नोंद झाली आहे. पुढच्या वर्षी मॉडेल यातूनच शिकेल."

हर्षदानं मान हलवली. बदललेला मसुदा त्यांच्या नोंदीत होता, पण कारण 'लांबी' असलेल्या नोंदी कोण उघडून बघतो?

आणि गाव? गावानं तिला पुन्हा डोक्यावर घेतलं. पायात चपला न घालता धावली, तात्याच्या तोंडात स्वतःचा श्वास घातला, पोरं वाचवली. जिना दिवसातून चारदा वाजू लागला. खाडी बंद होती, पण होड्या चालू होत्या. बांगडे आले, सौंदाळे आले, एकानं तर अर्धी सुरमई आणून ठेवली. लोक बसत, चहा पीत, जुन्या गोष्टी सांगत. हर्षदानं सुरमई तळली आणि खाल्ली. ती चविष्ट लागली, आणि लागली याची तिला लाज वाटली.

कारण सुगंधाकडे कुणी जात नव्हतं. तिला कुणी दोष देत नव्हतं, बरं का. तिची काय चूक, असंच सगळे म्हणत. पण तिनं पाठवलेला बांगड्यांचा वाटा तिसऱ्या दिवशी एका घराच्या पायरीवर तसाच पडून राहिला. चौथ्या दिवशी दुसऱ्या घरी. तिच्या हातून तात्याला पहिला वाटा गेला होता, आणि ते हात गावाच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हते. पाचव्या दिवसापासून सुगंधानं वाटे पाठवणं बंद केलं. मग घराबाहेर पडणं बंद केलं. हर्षदा गेली की ती भिंतीकडे तोंड करून बसलेली असे.

"माझ्या हातान गेलो तो," एवढंच ती म्हणे. "माका ता पातेला दिसता."

"तुझी चूक नाय, ताई."

"मगे कोणाची?"

या प्रश्नापाशी हर्षदा गप्प व्हायची. जिन्यावर वाजणारी पावलं तिला दोन वर्षांनी परत मिळाली होती. उत्तर दिलं की ती जाणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. न दिलं तर ताई जाणार होती. दहा दिवस तिनं उत्तर दिलं नाही. तिच्या बाजूनं बोलायचं तर एवढंच सांगता येईल, की त्या दहा दिवसांत तिला एकदाही धड झोप लागली नाही.

अकराव्या दिवशी मच्छीमार सोसायटीच्या शेडमध्ये बायांची बैठक होती. खाडी कधी उघडायची ते हर्षदानं सांगायचं होतं. ती आधी सुगंधाकडे गेली आणि तिला हाताला धरून, जवळजवळ ओढत घेऊन आली. सुगंधा मागे जाळ्यांच्या ढिगापाशी बसली. तिच्या आजूबाजूला हातभर जागा मोकळी राहिली.

हर्षदा उभी राहिली. खाडीचं सांगायच्या आधी दुसरं सांगायचं आहे, म्हणाली.

"त्या सकाळी यंत्रान तीन गोष्टी लिवलेल्यो. काढूचे नाय, विकूचे नाय, खावचे नाय. मी दोन खोडलंय. 'खावचे नाय' मी माझ्या हातान खोडलंय."

पुढच्या रांगेतल्या उज्ज्वलानं विचारलं, "कित्या?"

ती हर्षदाची शाळेपासूनची मैत्रीण. हल्ली रोज चहाला येत होती. हर्षदानं सरकारी उत्तरं तयार ठेवली होती: शक्यता, टक्केवारी, मागचा अनुभव. त्यातलं एकही तिच्या तोंडून बाहेर पडलं नाही.

"माका वाटो होयो होतो," ती म्हणाली. "खाडी बंद केलंय तर तुमी आणखी दोन वर्सां माझ्याशी बोलूचा नाय, ह्याची भीती वाटली. बाकी काय कारण नाय. ताईन वाटो घातल्यान ता माझ्यामुळे. तात्या गेलो तो माझ्यामुळे. ताईच्या हातांक कायएक लागला नाय."

कुणी ओरडलं नाही. ओरडलं असतं तर बरं झालं असतं. उज्ज्वला उठली, तिनं साडी झटकली आणि निघून गेली. मग दुसरी, मग तिसरी. जाताना प्रत्येकीला सुगंधाजवळून जावं लागत होतं. कुणी तिच्या खांद्यावर हात ठेवला, कुणी नुसतीच क्षणभर थांबली. शेवटी शेडमध्ये दोघी बहिणी उरल्या.

"धा दिवस," सुगंधा म्हणाली.

"होय."

"धा दिवस मी माझे हात धुतंय गो. साबणान, राखेन. तू येवन बघी होतंस."

"होय, ताई."

सुगंधा उठली. दारातून बाहेर पडली आणि घराकडे चालू लागली.

हर्षदानं सगळं मुख्य केंद्राला लिहून कळवलं. चौकशी झाली, ताशेरे आले, बढती गेली. बदली मात्र झाली नाही, कारण बर्फ कारखान्यावरच्या त्या खोलीत येऊन राहायला दुसरं कुणी तयार नव्हतं. मसुदा बदलायचा अधिकार अधिकाऱ्यांकडून काढून घेण्यात आला. तो निर्णय योग्यच होता, तिनं स्वतःच तशी शिफारस केली होती.

मार्गशीर्षात खाडी उघडली. पहिल्या ओहोटीला सुगंधा चिखलात उतरली आणि तिच्या मागोमाग सगळ्या बाया. वाटे पुन्हा सुरू झाले, घरोघर, नेहमीच्या क्रमानं. उपकेंद्राच्या जिन्यावर कुणी चढत नाही.

आता जलरंगचे संदेश गावात कुणी बंद करत नाही. आकडा बाराचा असला तरी खाडी ओस पडते. हर्षदाचा शब्द म्हणजे शब्द. तो खोटा असला तर काय होतं हे त्यांनी पाहिलंय, आणि तो खरा करायला तिला काय मोजावं लागलं तेही. त्यांचा तिच्यावर विश्वास आहे. त्यांना ती नको आहे, एवढंच.

पण रोज ओहोटी लागायच्या आधी सुगंधा कारखान्यासमोर येऊन उभी राहते. पाटी कमरेवर, नजर खाडीकडे. सूचना तिच्या फोनवर आलेली असते, तरी येते. वर न बघता विचारते, "आज खावचे काय?"

हर्षदा रोज अंधार असतानाच उठलेली असते. पन्नासही समुद्र तिनं बघितलेले असतात, आणि पट्टीवरच्या रेघाही. तरी ती आत जाते, सगळं पुन्हा एकदा तपासून येते आणि मग खिडकीतून सांगते, "खावा."

"बरा," सुगंधा म्हणते, आणि चिखलात उतरते. पुष्कळदा त्या दिवशी हर्षदाच्या तोंडून निघालेला तेवढा एकच शब्द असतो.